पांडा की पतंग?



आजचा प्रश्न जरा आगाऊ आहे, आधीच सांगून ठेवतो. समजा, तुमच्या हातात खोडरबर दिलं आणि सांगितलं, पृथ्वीवरच्या प्राण्यांच्या यादीतून एक नाव पुसायचंच आहे. पर्याय दोनच. एक, चीनमधला जायंट पांडा: काळा-पांढरा, गुबगुबीत, बसून बांबू खाणारा. दुसरा, अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातला एक करडा पतंग. शरीर जेमतेम सेंटिमीटरभर, आयुष्य मोजक्या दिवसांचं, नाव तुम्ही बहुधा कधी ऐकलेलं नाही. कुणाचं नाव पुसाल?

(पतंग म्हणजे संक्रांतीचा नव्हे. दिव्यावर झेप घेतो तो. फुलपाखराचा चुलतभाऊ.)

बहुतेकजण पतंगाच्या नावावर रबर फिरवतील, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माणसाचा मेंदूच तसा आहे. गोल चेहरा, मोठे डोळे, बाळासारखी बैठक दिसली की आपल्याला माया येते. पांड्याचे डोळे खरं तर बारीकच असतात, भोवतीच्या काळ्या डागांमुळे ते मोठे वाटतात. म्हणजे आपण ज्याच्यावर भाळतो तो डोळा नव्हे, डाग!

पण आज आपण चेहरा बाजूला ठेवून दोघांचं काम बघू. कोण काय खातं, कुणाचं कुणावाचून अडतं, आणि उद्या यातला एक नसला तर जंगलात नेमकं काय बिघडतं.

पांड्यापासून सुरुवात करू. एक खुलासा आधी. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात तुम्ही जो तांबडा, झुपकेदार शेपटीचा पांडा पाहिला असेल, तो हा नव्हे. तो लाल पांडा. नाव एक, बांबूची आवडही एक, पण नातं लांबचं. जायंट पांडा हे खरंखुरं अस्वल आहे. पाश्चात्त्य जगाला त्याची ओळख झाली 1869 साली, आर्मां दाविद या फ्रेंच धर्मोपदेशकामुळे. आज तो चीनच्या सिचुआन, शान्सी आणि गान्सू या तीन प्रांतांतल्या डोंगरांत उरला आहे.

पांड्याची गंमत अशी की पोट मांसाहाऱ्याचं आणि ताट शाकाहाऱ्याचं. गाईला चार कप्प्यांचं पोट असतं, ती रवंथ करते, चाऱ्यातला कण न् कण वसूल करते. पांड्याची आतडी वाघ-अस्वलांसारखी आखूड. बांबूतला चोथा पचवायची सोय त्याच्या स्वतःच्या जनुकांत नाही. खाल्लेल्यातला पाचवा हिस्साही नीट पचत नाही, बाकी जसं गेलं तसं बाहेर. मग करायचं काय? दिवसातले दहा-बारा तास खात बसायचं, दहा-पंधरा किलो ते कधी त्याहून कितीतरी जास्त बांबू रिचवायचा, आणि उरलेला वेळ शक्यतो हलायचं नाही. 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी मोजलं, तर एवढ्या वजनाच्या प्राण्याला रोज जेवढी ऊर्जा लागायला हवी त्याच्या सुमारे 38 टक्क्यांवर पांडा भागवतो. मिळकत कमी असलेल्या घरात दिवे लवकर मालवतात ना, तसा हा हिशेब. बांबू धरायला मनगटाचं एक हाड वाढून सहाव्या बोटासारखं झालं आहे, तेही याच जुळवाजुळवीतलं.

मादी वर्षातून एकदाच माजावर येते आणि गर्भधारणेची संधी दोन-तीन दिवसांची. पिल्लू जन्मतं ते शंभर ग्रॅमच्या आसपास. आई शंभर किलोची, बाळ लोण्याच्या पाकिटाएवढं! त्यामुळे एक पिल्लू जगवणं हाच मोठा सोहळा असतो.

1961 मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड ही संस्था निघाली तेव्हा तिनं चिन्ह म्हणून पांडा घेतला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तेव्हा ची-ची नावाची पांडा मादी आली होती आणि लोक तिच्यासाठी वेडे झाले होते. सर पीटर स्कॉट यांनी चिन्हाला अंतिम रूप दिलं. काळ्या-पांढऱ्या रंगात छपाई स्वस्त पडते, हाही विचार त्यामागे होता. छापखान्याचं बिल वाचवता वाचवता जगातलं सर्वांत ओळखीचं संवर्धन-चिन्ह तयार झालं.

आणि पैसा आला. चीननं राखीव क्षेत्रं वाढवत सदुसष्टवर नेली, 1998 च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर नैसर्गिक जंगलांतली तोड थांबवली. 1980 च्या दशकातल्या मोजणीत जंगली पांडे 1,114 होते, 2014 पर्यंत चाललेल्या चौथ्या मोजणीत 1,864 झाले. 2016 साली आययूसीएननं पांड्याला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून एक पायरी खाली, ‘असुरक्षित’ वर्गात ठेवलं. 2021 मध्ये पांडा राष्ट्रीय उद्यान औपचारिकपणे सुरू झालं. परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांना चीन पांडे भाड्यानं देतो. एका जोडीचं भाडं वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत जातं. स्वतःचा खर्च स्वतः कमावणारा वन्यप्राणी दुसरा दाखवा.

आता पतंगाकडे वळू. इथं जरा सावकाश जायला हवं, कारण ही गोष्ट आपल्याला कुणी शाळेत सांगितलेली नसते.

युक्का नावाचं झाड तुम्ही पाहिलेलं आहे. बंगळूरच्या जुन्या बंगल्यांत, पुण्याच्या छावणी भागात, इंदूर-बडोद्याच्या बागांत ते असतं. तलवारीसारखी टोकदार पानं, मधोमध उंच दांडा आणि त्यावर घंटांसारखी पांढरी फुलं. फुलं छान येतात, पण त्यांना फळ धरलेलं सहसा दिसत नाही. माळी म्हणतो, शोभेचं झाड आहे, त्याला कुठलं फळ. तसं नाही. झाडाला फळ धरतं, पण ते लग्न लावून देणारा मध्यस्थ मागे अमेरिकेत राहिला. तो मध्यस्थ म्हणजे हा पतंग.

1872 मध्ये सेंट लुईसचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान यांच्या लक्षात आलं की युक्काच्या फुलांत एक लहानसा पतंग नेहमी घुटमळतो. मिसूरी राज्याचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांनी मग रात्री-रात्री जागून त्याचं काम पाहिलं. ते इतकं विलक्षण होतं की सुरुवातीला काहींनी विश्वास ठेवला नाही. डार्विननं मात्र एका पत्रात लिहिलं की परागीभवनाचं याहून अद्भुत उदाहरण आजवर प्रसिद्ध झालेलं नाही.

काय करतो हा पतंग? करते मादी. ती संध्याकाळी युक्काच्या फुलात शिरते. तिच्या तोंडापाशी दोन वळलेल्या सोंडा असतात, अशा सोंडा इतर कुठल्याही किड्याला नाहीत. त्यांनी ती पुंकेसरावरचे चिकट परागकण खरवडते, त्यांची गोळी वळते आणि हनुवटीखाली धरून उडते. लाडू वळल्यासारखं काम. मग दुसऱ्या झाडाचं फूल गाठते. तिथं आधी तपासणी: या फुलात आपल्याआधी कुणी अंडी घातली आहेत का? आधीची मादी जाताना वास ठेवून जाते, त्यावरून हिला कळतं. जागा मोकळी असली तर ती अंडाशयाला बारीक भोक पाडून आत अंडी घालते. आणि मग, मंडळी, ती चढून वर जाते आणि गोळीतले परागकण फुलाच्या कुक्षीत नीट दाबून बसवते. 

इथं थांबून विचार करा. मधमाशी फुलावर येते ती मधासाठी. परागकण तिच्या अंगाला चुकून लागतात. तिला परागीभवन करायचं नसतं, ते होऊन जातं. या पतंगाचं तसं नाही. प्रौढ मादी फुलातून खात काहीच नाही. ती परागकण मुद्दाम गोळा करते, मुद्दाम नेते, मुद्दाम ठेवते. तिला कळतं म्हणून करते असं मी म्हणत नाही, पण शरीराची घडणच या कामासाठी झाली आहे. कारण साधं आहे: तिच्या अळ्या युक्काच्या बिया खातात. परागीभवन झालं नाही तर बी धरणार नाही, आणि बी नाही तर पोरं उपाशी.

आता झाडाची बाजू. अळ्या काही बिया खातात, उरलेल्या झाडाला मिळतात. म्हणजे झाड मजुरी बियांत देतं. पण एखाद्या मादीनं हावरटपणा करून एकाच फुलात खूप अंडी घातली तर? 1994 मध्ये ओले पेल्मिर आणि चाड हुथ यांनी दाखवलं की झाड अशी फुलं गाळून टाकतं. अळ्यांसकट. हिशेबात चूक करणाऱ्याचं खातं बंद. तरी लबाड असतातच! युक्का पतंगांच्या काही जाती परागकण न नेता, दुसऱ्यानं कमावलेल्या फळात आयती अंडी घालतात. लग्नात आहेर न देता जेवून जाणारे सगळीकडे असतात.

आपल्याकडे याला अगदी जवळचं उदाहरण आहे, उंबराचं. उंबर फोडलं की आतून बारीक चिलटं निघतात आणि आपण तोंड वाकडं करतो. ते उंबराचे मध्यस्थ. तिथंही तोच सौदा: आत अंडी घालायला जागा द्यायची आणि बदल्यात परागीभवन करून घ्यायचं. वड, पिंपळ, उंबर, प्रत्येकाचं चिलट ठरलेलं. आणि मध्यस्थ मागे राहिला तर काय होतं हे कर्नाटक-केरळातल्या व्हॅनिलाच्या शेतकऱ्यांना विचारा. मेक्सिकोच्या बाजूची ती वेल इथं फुलते, पण एकेका फुलात काडीनं परागकण लावल्याशिवाय शेंग येत नाही.

मोहावी वाळवंटातल्या पतंगाची गोष्ट याहून घट्ट आहे. तिथं जोशुआ वृक्ष नावाचा युक्का आहे, वेड्यावाकड्या फांद्यांचा, पानांचे गुच्छ वर धरलेला, दीडशे वर्षांहून अधिक जगणारा. पश्चिमेकडच्या जोशुआ वृक्षांचा पतंग वेगळा, पूर्वेकडच्यांचा वेगळा. पूर्वेकडच्या फुलाची नळी आखूड, म्हणून तिथला पतंगही आकारानं लहान. आपण ज्याच्या नावावर रबर फिरवत होतो तो हा लहाना, टेगेटिक्युला अँटिथेटिका. 2003 पर्यंत त्याला स्वतंत्र नावसुद्धा नव्हतं; दोन्ही एकच समजले जात.

आता दोघांना शेजारी उभं करू. वरवर पाहता साम्य आहे. दोघंही एका वनस्पतीला बांधलेले; पांडा बांबूला, पतंग युक्काला. पण दोरीचं दुसरं टोक तपासा. बांबूला पांड्याची गरज नाही. बांबूचं परागीभवन वारा करतो. उद्या पांडा नसला तर डोंगरावर बांबू वाढतच राहील. उलट, बांबू नसला तर पांडा संपला. बांबूच्या काही जाती कित्येक दशकांनी एकदम फुलतात आणि मरतात. मिझोरामच्या वाचकांना ‘मौताम’ माहीतच आहे, बांबू फुलला की उंदीर माजतात आणि पाठोपाठ दुष्काळ येतो. चीनमध्ये 1970 च्या दशकाच्या मध्यात मिनशान डोंगरात असा बांबू फुलून वाळला, तेव्हा 138 पांडे मेलेले आढळले. पूर्वी पांडा शेजारच्या दरीत जाऊन दुसऱ्या जातीचा बांबू खायचा. मध्ये शेती आणि रस्ते आल्यावर वाट बंद झाली.

पतंगाची दोरी दोन्ही टोकांना बांधलेली आहे. झाड गेलं तर पतंग जाईल, आणि पतंग गेला तर झाड बी धरणार नाही. लगेच मरणार नाही. दीडशे वर्षं जगणारं झाड आहे, उभं राहील, फुलेल, पर्यटक फोटो काढतील. फक्त खाली नवं रोप उगवणार नाही. जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात अभ्यासकांना सर्वांत उंच भागातल्या झाडांवर पतंग आढळलेच नाहीत. तिथली झाडं मुळांतून फुटवे काढून टिकून आहेत, बी नाही. त्या झाडावर कितीतरी जिवांचं पोट आणि घर आहे. पक्षी त्यावर घरटी करतात, पडलेल्या खोडाखाली सरडे राहतात, खारी आणि उंदीर बिया खातात आणि पुरून ठेवतात. सेंटिमीटरभर पतंगाच्या खांद्यावर एवढं बिऱ्हाड.

मग पांडा निरुपयोगी का? छे. इथंच घाई करू नका. पांडा जंगलाला काय देतो हा एक प्रश्न, आणि पांड्याच्या नावानं जंगलाला काय मिळतं हा दुसरा. अभ्यासक अशा प्राण्याला ‘छत्री’ म्हणतात. पांड्यासाठी डोंगर राखला की त्याच छत्रीखाली शेकडो पक्षी, बेडूक, झाडं, आणि हो, पतंगही राखले जातात. पाणी, माती, चारा, पर्यटन यांचा हिशेब मांडून 2018 मध्ये एका गटानं सांगितलं की पांड्याच्या राखीव जंगलांतून मिळणारा फायदा त्यांच्यावरच्या खर्चाच्या दहा ते सत्तावीस पट आहे. पतंगाच्या चेहऱ्यावर कुणी एवढी वर्गणी दिली नसती.

पण छत्री कुठं कुठं गळते. 2020 साली आलेल्या एका अभ्यासात पांड्याच्या राखीव क्षेत्रांत इतर शिकारी प्राण्यांचं काय झालं ते तपासलं गेलं. 1960 च्या दशकापासून बिबट्या 81 टक्के क्षेत्रांतून गेला, लांडगा 77 टक्क्यांतून, हिमबिबट्या 38 टक्क्यांतून. आणि ढोल, म्हणजे आपल्या ताडोबा-मेळघाटात दिसणारा रानकुत्रा, 95 टक्क्यांतून. पांड्याला मोठ्या शिकाऱ्यांएवढा मुलूख लागत नाही. त्याला थोडी जागा आणि भरपूर बांबू मिळाला की तो खूश. त्याच्या मापानं शिवलेली छत्री बिबट्याला पुरली नाही. माझं मत विचाराल तर पांड्यावर कमी खर्च करा असं मी म्हणणार नाही. पण पांडे वाढले म्हणजे जंगल बरं झालं, असं म्हणणंही सोडून द्यायला हवं.

आणि पतंगाचं नाव पुसण्याची गोष्ट ही नुसती कल्पनाही नाही. ते एकदा झालेलं आहे, ठरवून.

फिजीच्या विती लेवू बेटावर नारळाच्या झावळ्या खाणारा एक सुंदर, निळसर चमकदार छोटा पतंग होता, लेवुआना. तो एवढा माजला की माडांच्या बागाच्या बागा करपल्यासारख्या दिसत. कोकण-गोव्यातल्या कुणालाही कळेल की माड गेला म्हणजे घर गेलं. 1925 मध्ये मलायातून एक परजीवी माशी आणून सोडली गेली. ती पतंगाच्या अळ्यांवर अंडी घालते. काही महिन्यांत लेवुआना आटोक्यात आला, काही वर्षांत दिसेनासा झाला. आययूसीएनच्या यादीत आज तो नामशेष म्हणून नोंदला आहे. माड वाचले, शेतकरी वाचले, आणि त्या वेळी त्या पतंगासाठी कुणी हळहळलं असेल असं वाटत नाही. मी त्या बागायतदारांना दोष देऊ शकत नाही. पण ती माशी लेवुआनापाशी थांबली नाही. तिनं इतर पतंगांच्या अळ्याही धरल्या. एकाच नावावर रबर फिरवणं कागदावर जमतं, बेटावर नाही.

फुलपाखरं आणि पतंग मिळून जगात सुमारे 1,60,000 जातींना आजवर नावं मिळाली आहेत, त्यांतले बहुसंख्य पतंगच. त्यांतल्या फारच थोड्यांची कुणी प्रकृती तपासली आहे. पांडे मोजायला माणसं डोंगरोडोंगर विष्ठा गोळा करत फिरतात, बांबूच्या चावलेल्या तुकड्यांवरून एकेक प्राणी ओळखतात. पतंग मोजायला रात्री पांढरी चादर टांगून दिवा लावावा लागतो. काम स्वस्त आहे, पण करणारे कमी. आपल्याकडे काही वर्षांपासून हौशी मंडळी गच्चीवर, रानात असे पडदे लावू लागली आहेत. तुम्ही भोपाळला असा की बेळगावला, एक जुनी चादर आणि एक दिवा एवढं घरात असतंच.

जाता जाता मोहावीची ताजी बातमी. ऑगस्ट 2020 मध्ये मोहावी राखीव प्रदेशातल्या सिमा डोम भागात वीज पडून वणवा लागला. अंदाजे 13 लाख जोशुआ वृक्ष जळाले. हा पूर्वेकडचा भाग, म्हणजे आपल्या लहान्या पतंगाचा मुलूख. नंतर उद्यानाच्या लोकांनी आणि स्वयंसेवकांनी रोपं लावली, दुर्गम जागी ती उंटांच्या पाठीवरून नेली. बरीच रोपं नंतर वाळली, काही तगली. कॅलिफोर्नियानं 2023 साली पश्चिमेकडच्या जोशुआ वृक्षासाठी वेगळा कायदा केला. कायद्याच्या नावात झाड आहे, पतंग नाही.

आणि अडचण नेमकी तिथं आहे. झाडाचं रोप रोपवाटिकेत करता येतं, पतंगाचं नाही. तगलेलं रोप पहिल्यांदा फुलायला तीसेक वर्षं लागतील. तोवर त्या जळक्या माळावर फूल नाही, म्हणजे अंडी घालायला जागा नाही. पतंगाच्या अळ्या फळातून उतरून जमिनीत शिरतात आणि कोष करून वाट बघतात. चांगला पाऊस होईपर्यंत वर्षानुवर्षंही बघू शकतात. युक्कावरच राहणाऱ्या एका जवळच्या नातेवाईक पतंगाचे सुरवंट प्रयोगशाळेत तीस वर्षं झोपून मग पतंग होऊन बाहेर आल्याची नोंद आहे. आपल्या लहान्याला एवढी झोप जमते का, हे कळायला 2050 उजाडेल. रोपं तेव्हा पहिल्यांदा फुललेली असतील.

पुढच्या भागात बांबूकडे वळू. सगळे एकाच वर्षी फुलायचं कसं ठरवतात, ते बघायचं आहे.